ओमनीचं पथ्य

पुंजारामच्या ओमनीला पथ्य होतं. एखाद्याला वांगं चालत नाही, एखाद्याला हरभऱ्याची डाळ बाधते, तसं ह्या गाडीला पंचवटीतल्या जुन्या पंपाशिवाय दुसरीकडचं पेट्रोल चालत नव्हतं. आता हे काही गाडीनं सांगितलं नव्हतं. पुंजारामनंच ठरवलं होतं, आणि पुंजारामनं एकदा ठरवलं की अख्ख्या मखमलाबादेत ते कुणाला बदलता येत नसे. बायकोला तर नाहीच. सखुबाईनं तो नाद सोडून वीस वर्षं झाली होती.

ह्या सगळ्याचं मूळ म्हणजे संतोष मेकॅनिक. चार वर्षांपूर्वी ओमनीचं काम करता करता तो सहज बोलून गेला, "नाना, चांगल्या पेट्रोलात इंजिन धुवायचं औषध असतं. आत काजळी धरू देत नाय." पुढं तो हेही म्हणाला, की सगळ्याच कंपन्या ते टाकतात, कुणी थोडं कमी, कुणी थोडं जास्त, एवढं मनावर घ्यायचं काम नाही. पण पुंजाराम 'औषध' ह्या शब्दापाशीच थांबला होता. माणूस फुलशेतीवाला. दोन एकर झेंडू, एक एकर शेवंती, आणि अर्धं आयुष्य फवारणीत गेलेलं. कुठलं औषध लागू पडतं आणि कुठलं नुसतं रंगीत पाणी असतं, हे त्याला दुकानदारापेक्षा जास्त कळायचं. मग पेट्रोलातलंही आपल्याला कळणारच, ह्यात त्याला काही शंका वाटली नाही.

गणेशवाडीच्या फूलबाजारात तो लोकांना तळहातावर थेंब टाकून, नाकानं हुंगून दाखवायचा. "हे पंचवटीचं. बघ, कसं झर्रदिशी उडालं. औषध जोरात हाय. नायतर ते पेठ रोडच्या पंपाचं घे. हातावर बसूनच राहतं. आळशी पेट्रोल."

"पण नाना, पेठ रोडचं तुम्ही कधी भरलंय?"

"भरायला कशाला पाहिजे? चेहरा बघून कळतं."

मधल्या काळात एक गोष्ट मात्र झाली होती. गेल्या आठ महिन्यांपासून ओमनी पेट्रोल जरा जास्तच प्यायला लागली होती. रोज सकाळी फुलं घेऊन बाजारात जायचं काम तृप्तीकडं होतं. बी.कॉम. झालेली पोरगी, गाडी बापापेक्षा चांगली चालवायची, पेट्रोलही तीच भरायची. तिनंच एकदा विचारलं, "पप्पा, ॲव्हरेज कमी झालंय, नाही का?"

"कस जास्त असला की लवकर खपतं," पुंजाराम म्हणाला. "पातळ चहा दिवसभर पुरतो. घट्ट दूध एका दमात संपतं. पण गाडी ओढती कशी, ते बघ. आठ महिन्यांत एकदा तरी खोकली का?"

"नाही खोकली," तृप्ती म्हणाली आणि खाली बघून शेवंती मोजायला लागली.

आणि अशात तृप्तीला स्थळ आलं. मुलगा धनराज, शिकलेला, दिसायला नीटनेटका, घरची द्राक्षबाग. सगळं उत्तम. फक्त मुलाच्या बापाचा, खंडेरावचा, स्वतःचा पेट्रोल पंप होता. पेठ रोडला, आशेवाडीच्या अलीकडं. तोच आळशी पेट्रोलवाला.

पुंजाराम दोन दिवस जेवताना बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "माणसं चांगली हायेत. पण ते पेट्रोल..."

सखुबाई म्हणाली, "अहो, त्या घरात पोरगी द्यायचीय का गाडी?"

तृप्तीनं त्याआधी तीन स्थळं नाकारलेली. एकाचं नाक, एकाचं गाव, एकाचं हसणं. ह्या वेळी मात्र ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." पुंजारामला भरून आलं. पोरगी शेवटी बापाच्या शब्दात आली, असं त्याला वाटलं. त्या भरात त्यानं होकार देऊन टाकला.

मुलाकडचे बघून, पसंत करून गेले. आता मुलीकडच्यांनी घर बघायला जायचं. रविवार ठरला.

पाहुणे पसंती सांगून गेल्याबरोबर सखुबाईनं तृप्तीचं गाडी चालवणं बंद केलं. "उन्हात रंग उतरतो. लग्न होईस्तोवर सावलीत राहा." आठ दिवस फुलं शेजाऱ्याच्या टेम्पोतून गेली. ओमनी गोठ्याशेजारी उभी राहिली, आणि तिच्यात पेट्रोल किती आहे हे कुणी बघितलं नाही.

रविवारी सगळे नटून बसले. सखुबाईनं पुंजारामच्या कानात हिना अत्तराचा फाया खोवला. तृप्ती मागं बसली, मांडीवर शेवंतीची टोपली. पुंजारामनं चावी फिरवली आणि काटा पार तळाला.

"पंचवटीत जाऊन भरून येतो."

"आता?" सखुबाई म्हणाली. "घर बघायला निघालोय. उंबरा ओलांडला, नारळ फुटला. माघारी फिरायचं नाय."

"मग पेट्रोल?"

"रस्त्यात भरा की. त्यांच्याच पंपावर."

पुंजारामनं तिच्याकडं असं बघितलं, जणू तिनं गाडीत गोमूत्र घालायला सांगितलं होतं. मग त्याला आठवलं. फुलांच्या शेडमध्ये दोन पांढरे कॅन होते, पाच-पाच लिटरचे, अगदी जुळे. एकात फवारणीच्या मशीनसाठी आणलेलं पंचवटीचं पेट्रोल. दुसऱ्यात त्याच मशीनमधून मारायचं मावा-तुडतुड्यांचं घरगुती औषध. निंबोळीचा अर्क, भरपूर साबणाचा चुरा आणि पाणी. घोटाळा होऊ नये म्हणून पेट्रोलच्या कॅनच्या मुठीला त्यानं लाल चिंधी बांधलेली. तो शेडमध्ये गेला, चिंधीवाला कॅन उचलला, गाडीत मागं ठेवला.

"लागलं तरच ओतू," तो म्हणाला. "पण ओतलं तर आपलंच ओतू."

रामशेजचा डोंगर समोर दिसायला लागला आणि ओमनीनं दोन आचके दिले. रस्ता उताराचा होता म्हणून बरं. गाडी बंद इंजिनावर घरंगळत घरंगळत गेली आणि बरोब्बर खंडेरावच्या पंपावर, मशीनच्या शेजारी जाऊन थांबली. हाताला धरून आणून बसवावी तशी.

खंडेराव पांढऱ्या कपड्यात दारातच उभा होता. घर पंपाच्या मागंच. तो हात जोडून पुढं आला.

"या, या पाहुणे! वेळेवर आलात. काय, पेट्रोल संपलं का? वा, घरचाच पंप आहे." त्यानं पोराला हाक मारावी तशी नोझलवाल्याला हाक मारली. "अरे, टाकी फुल कर."

"नको, नको," पुंजाराम घाईनं खाली उतरला. "राग नका मानू. आमच्या गाडीला पथ्य हाय."

"पथ्य?"

"बाहेरचं चालत नाय तिला."

आणि त्यानं खंडेरावच्या पंपावर, खंडेरावच्या मशीनशेजारी, खंडेरावच्या डोळ्यांदेखत कॅन बाहेर काढला.

ओमनीच्या टाकीचं झाकण म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. दोन वर्षांपूर्वी ट्रॉलीनं घासल्यापासून ते नुसत्या चावीनं उघडत नसे. वरच्या कोपऱ्यात दोन बुक्क्या, खालून गुडघ्याचा एक रेटा, आणि मग डावीकडं पीळ. हे फक्त पुंजारामला आणि तृप्तीला जमायचं. संतोषसुद्धा दर वेळी पुंजारामलाच हाक मारायचा. पुंजारामनं बुक्क्या मारल्या, रेटा दिला, कॅन उपडा केला, झाकण लावलं. कानात हिना, चहूकडं पंपाचा वास. कॅनमधून कसला वास येतोय हे त्याच्या त्या नावाजलेल्या नाकाला कळलंच नाही.

मग त्यानं चावी मारली. गाडी घरघरली, दोनदा गदगदली आणि एक लांबलचक उसासा टाकून गप झाली.

"बघा," पुंजाराम म्हणाला. "वास लागला हिला."

"कशाचा वास?" खंडेराव म्हणाला.

"इथला. मी म्हटलं नव्हतं? सहन होत नाय."

खंडेरावच्या कपाळावरची शीर उभी राहिली. "पाहुणे, ह्या पंपावर रोज दोनशे गाड्या येतात. एकीलाही वास लागला नाही आजवर."

"त्यांना सवय झाली असंल."

मागं रांग लागली होती. सुरगाण्याच्या जीपवाल्यानं, गोटीराम त्याचं नाव, हॉर्नवर हात ठेवलेला. जीपमध्ये बारा माणसं आणि दोन कोंबड्या. तृप्तीनं संतोषला फोन लावला. पंपावरचा माणूस ओरडला, "ओ ताई, मोबाईल बंद!" मग तिनं रस्त्याच्या पलीकडं जाऊन फोन केला.

अर्ध्या तासात संतोष मोटारसायकलवर आला. तोवर दोघे व्याही पेट्रोल ह्या विषयावर एकमेकांचे वाडवडील काढायच्या बेतात आले होते. खंडेराव म्हणत होता, सगळ्या पंपांचे टँकर मनमाडच्या एकाच डेपोतून भरून येतात. पुंजाराम म्हणत होता, एकाच दुकानातलं औषध दोघांनी मारलं तरी एकाचीच शेवंती फुलते.

"आधी टाकी बघू," संतोष म्हणाला. "नाना, झाकण!"

नानांना ऐकायला सवड नव्हती. तेवढ्यात घरातून धनराज आला. नवा शर्ट, भांग पाडलेला. त्यानं काय चाललंय ते बघितलं आणि फार विचार न करता गाडीपाशी गेला. वरच्या कोपऱ्यात दोन बुक्क्या. खालून गुडघ्याचा रेटा. डावीकडं पीळ. झाकण उघडलं.

आणि टाकीतून फेस आला.

आधी थोडा आला, दुधाला उकळी फुटावी तसा. मग भसाभसा आला. ओमनीच्या अंगावरून ओघळत पांढरा शुभ्र फेस खाली उतरला आणि वाऱ्यावर त्याचे फुगे उडाले. जीपमधलं एक बारकं पोर टाळ्या पिटायला लागलं.

"पेट्रोलात साबण!" गोटीराम जीपमधून खालीच उतरला. "अरे, पेट्रोलात साबण घालता का रे तुम्ही?"

"ती आमच्याकडं भरलेली नाही! ह्यांनी आपल्या कॅनमधलं पेट्रोल ओतलंय!" खंडेराव ओरडला.

पण पुंजारामचं फेसाकडं लक्षच नव्हतं. तो धनराजकडं बघत होता. "तुला कसं उघडता आलं?"

"अं?"

"झाकण. दोन बुक्क्या, गुडघा. तुला कुणी शिकवलं?"

धनराज लाल झाला. तृप्ती शेवंतीच्या टोपलीत तोंड घालून बसली. नोझलवाला भोळा माणूस, तो म्हणाला, "नाना, दादा तर दर दोन दिवसांनी उघडतात. ताई येतात ना भरायला. दादा दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत."

फेस बारीक फसफसत होता.

"तृप्ती," पुंजाराम म्हणाला. "कधीपासून?"

"आठ महिने," टोपलीतून आवाज आला.

"अगं, बाजार तिकडं, पंप इकडं! जाऊन येऊन सोळा किलोमीटर वाकडी वाट!"

"म्हणून तर ॲव्हरेज कमी झालं, पप्पा."

"ऐकलंत ना?" गोटीराम गर्दीकडं वळला. "आठ महिने गाडी हितंच भरतीय, आणि टाकीत साबण! पेट्रोलात हाय म्हंजी डिझेलातबी असंल. आमी चाललो फुडं." तो जीपमध्ये बसला. मागच्या रिक्षावाल्यानं रिक्षा वळवली. दोन मोटारसायकली निघून गेल्या. जाता जाता एकानं रस्त्याच्या पलीकडून फोटो काढला.

खंडेरावचा आवाज एकदम खाली आला. "दोरी लावा रे," तो म्हणाला. "खरं काय ते कळेस्तोवर कुणाला एक थेंब द्यायचा नाही." माणसांनी दोन पिंपांना दोरी बांधली. मग तो पुंजारामकडं वळला. "पाहुणे, बावीस वर्षं हा पंप चालवतोय. आज तुम्ही फेस काढलात. आता हे लग्न वगैरे राहू द्या. माझ्या दारात माझंच तोंड काळं करणाऱ्याशी मला सोयरीक नको."

"बाबा!" धनराज म्हणाला.

संतोष खाली वाकून फेस बोटावर घेऊन हुंगत होता. तो हळूच पुंजारामजवळ आला. नानांच्या कानातला फाया त्यानं स्वतःच काढला आणि ते बोट पुंजारामच्या नाकाखाली धरलं.

निंबोळी. कडू, गच्च, ओळखीची निंबोळी. आणि चार बट्ट्या साबण.

पुंजारामला सगळं कळलं. कॅन, शेड, औषध, सगळं. आणि त्याचबरोबर आणखी एक गोष्ट कळली, की कॅनमध्ये पेट्रोल नव्हतंच, हे अजून कुणालाच माहीत नाही. संतोष त्याचाच माणूस, बोलणार नाही. तोंड मिटून ठेवलं की पेठ रोडचं पेट्रोल खराब, हे आता सगळ्या तालुक्यासमोर सिद्ध होतंय. चार वर्षं तो जे सांगत आला, ते खरं ठरतंय. बाजारात उद्या लोक म्हणतील, नाना, तुम्ही म्हणत होता तेच निघालं.

त्यानं टोपलीकडं बघितलं. तृप्तीनं आता तोंड वर काढलं होतं. नाकाला शेवंतीची पाकळी चिकटलेली, डोळे भरलेले. तीन स्थळं नाकारणारी पोरगी. एकाचं नाक, एकाचं गाव, एकाचं हसणं.

पुंजाराम ओमनीच्या पायरीवर चढला.

"ओ जीपवाले! थांबा!" पंपाचा पत्रा हादरावा असा आवाज होता त्याचा. "कुणी जायचं नाय! पेट्रोल चांगलं हाय! आठ महिने हिच्यात हितलंच होतं आणि आठ महिने गाडी खोकली नाय, हे मी सोता सांगतो! आज हिच्यात मी मावा मारायचं औषध वतलंय! माझ्या हातानं! साबण माझा, निंबोळी माझी, आणि अक्कलबी माझीच!"

गोटीराम जीपमधून डोकं काढून बघत राहिला. "सोताच्या गाडीत?"

"हो!"

"मग काय नाना," गोटीराम म्हणाला, "इंजिनावरचा मावा गेला का?"

सगळा पंप हसला. जीपमधल्या बारा जणांनी आणि, बघणारे सांगतात, कोंबड्यांनीसुद्धा. खंडेरावनं हसायचं नाही असं ठरवलेलं होतं, पण त्याच्या मिशा ऐकेनात. त्यानं स्वतःच्या हातानं दोरी सोडली आणि गोटीरामला हाक मारली, "या, डिझेल घ्या. फेस नाही, खात्रीनं सांगतो." मग पुंजारामच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "चला पाहुणे. घर बघायला आलात ना? पंप तर बघून झाला."

घर चांगलं होतं. जेवणही चांगलं होतं. सुपारी फुटली. चौथी पुरणपोळी वाढून घेताना पुंजारामला एकच गोष्ट छळत होती.

"मला एक कळत नाय," तो सखुबाईच्या कानाशी म्हणाला. "कॅनला चिंधी होती. मी चिंधी बघूनच उचलला."

"उंदरानं हलवली असंल," सखुबाई म्हणाली.

"उंदीर गाठ मारील का?"

"मोठा असंल. जेवा."

तोवर बाहेर संतोषनं टाकी उतरवून धुऊन काढली होती. धुवायला त्यानं आपल्या डिक्कीतली पेट्रोलची बाटली वापरली, आणि उरलेलं लिटरभर टाकीतच ओतलं. तृप्ती आणि धनराज शेजारी उभे होते.

"आज एवढ्यावरच जा," संतोष म्हणाला. "थोडा साबण राहिला असला तर जळून जाईल. उद्या परत उघडतो, मग भरा."

आतून खंडेराव ओरडला, "धनराज, व्याह्यांची टाकी फुल कर रे!"

"हो बाबा!" धनराजनं उत्तर दिलं आणि जागचा हलला नाही. आजच्या दिवशी आणखी एका टाकीवरून वाद नको, असं त्याला वाटलं.

"हे कुठलं पेट्रोल?" तृप्तीनं संतोषला हळू विचारलं.

"सकाळी पंचवटीत भरलेलं. आपल्या जुन्या पंपाचं."

टाकी परत बसवताना पेट्रोलचा काटा कुठंतरी अडकला होता. तो पार वर जाऊन बसला आणि खाली यायलाच तयार होईना.

परतताना पुंजाराम गाडी चालवत होता. दोन उतार, एक चढ, मग लांब सरळ रस्ता. त्यानं काट्याकडं बघितलं, मान डोलवली, ॲक्सिलरेटर जरा दाबला. ओमनी छान गुरगुरली.

"व्याह्यानं टाकी भरून दिली बघ. बघतेयस? कसं ओढतंय," तो म्हणाला. "अगं, पंचवटीच्या पेट्रोलावर ही अशी कधी पळाली नाय. हे पेट्रोलच वेगळं. औषध जोरात हाय." थोड्या वेळानं तो परत म्हणाला, "उद्यापासून गाडी हितंच भरायची. पंचवटीचा थेंब नको. माझं नाक कधी चुकत नाय."

तृप्तीनं तोंड उघडलं. पुढच्या सीटवरून सखुबाईनं हात मागं नेऊन तिच्या गुडघ्याला चिमटा काढला.

"आई, अगं पण..."

"मी ऐकलंय सगळं, खिडकीतनं," सखुबाई इंजिनाच्या आवाजाखाली पुटपुटली. "एक शब्द बोलायचा नाय."

"पेट्रोलचा?"

"पेट्रोलचा आणि चिंधीचाबी." तिनं पदर सावरला. "टोपलीला बांधायला लाल काय मिळंना म्हणून सकाळी सोडली होती. मग वाटलं बरी दिसत नाय, म्हणून परत बांधून टाकली. दोन कॅन सारखेच. मला काय म्हाईत कुठला कुठला ते."

"काय म्हणते ती?" पुंजारामनं विचारलं.

"काय नाय," सखुबाई म्हणाली. "गाडी लय चांगली ओढती म्हणती."

"मग!" पुंजाराम म्हणाला, आणि त्यानं तिसरा गिअर टाकला.